दाणे चिमण्यांचे, हजेरी पारव्यांची

मागच्या चार वर्षांत हा प्रश्न मी तीनदा सोडवला आणि तीनदा तो परत आला. अंगणात चिमण्यांसाठी दाणे ठेवायचे, आठवडाभर चिमण्या यायच्या, मग एक पारवा यायचा, मग त्याची बायको, आणि महिना उलटायच्या आत कठड्यावर वीस-पंचवीस पारवे रेशनचं दुकान उघडायची वाट बघत बसल्यासारखे बसायचे. चिमण्या गायब. फरशीवर शिटेचे थर. वरच्या मजल्यावरून तक्रार. मग दाणे बंद. दोन महिन्यांनी घरात कुणाला तरी चिमण्यांची आठवण यायची आणि पहिले पाढे पंचावन्न.

चौथ्या खेपेला जरा डोकं लावलं. त्याला आता सव्वा वर्ष झालं आणि अजून तरी गाडी रुळावर आहे. तुमच्याकडेही असंच चाललं असेल तर नवीन काही विकत आणायच्या आधी हे वाचा. मी जे विकत आणलं त्यातलं बहुतेक सामान माळ्यावर पडून आहे.

आमचं घर पुण्यात, जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर. मागे साधारण पंधरा बाय वीस फुटांचं अंगण. एक पेरू, एक कढीपत्ता, दोन जास्वंदी, भिंतीवर मधुमालतीचा जाड पडदा आणि कडेने कुंड्या. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा.

आधी पायरीवर बसा

पहिल्या तीन खेपांना मी जे केलं ते खिडकीतून बघून केलं. म्हणजे मला दिसायचा तो निकाल, पारव्यांचा थवा. तो जमतो कसा हे कधी बघितलंच नव्हतं. एका रविवारी पहाटे चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसले आणि साडेनऊपर्यंत उठले नाही.

उजाडताना दयाळ भिंतीवर येऊन गाऊन गेला, त्याला दाण्यांशी घेणंदेणं नाही. पावणेसातच्या सुमाराला मधुमालतीतून चिवचिव सुरू झाली आणि सात-आठ चिमण्या टांगलेल्या फीडरवर उतरल्या. त्यात बाजारात मिळतं ते पाकिटातलं मिश्रण होतं: राळे, बाजरी, ज्वारी, मक्याचा भरडा आणि थोडं सूर्यफूल. एक मादी कडेला बसून चोच आत घालायची आणि एक झटका डावीकडे, एक झटका उजवीकडे. ज्वारी खाली, मका खाली, पुन्हा ज्वारी खाली, मग एक राळ्याचा दाणा सापडला की तो चोचीत फिरवून टरफल काढून खायचा आणि परत तोच खटाटोप. मुलांना भेळ दिली की ती कशी शेंगदाणे वेचून बाकीचं ताटलीबाहेर लोटतात, हुबेहूब तसं. वीस मिनिटांत फीडरखालच्या फरशीवर ज्वारी-मक्याची रांगोळी झाली.

आठच्या आसपास पारवे आले. फीडरकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. थेट फरशीवर.

मी तीन वर्षं फीडरचा आकार बदलत होते, टांगायची उंची बदलत होते, आणि माझे पारवे मुळात फीडरवर जेवतच नव्हते. चिमण्यांनी टाकलेलं ते खात होते. दुपारी एकला सासूबाईंनी दुसऱ्या दारातून भाताची शितं आणि पोळीचे तुकडे कट्ट्यावर टाकले. ते साळुंक्यांनी आणि कावळ्यांनी निम्मं संपवलं, उरलेलं पुन्हा पारव्यांकडे. संध्याकाळी फीडर निम्मा भरलेला होता. रात्री नऊला टॉर्च मारला तर भिंतीच्या कडेने एक घूस पाहुण्यासारखी निवांत फिरत होती.

वहीत हे सगळं लिहिल्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसायला लागला: उरलेलं. ज्याच्यासाठी ठेवलं त्याचं खाऊन झाल्यावर जे राहतं, त्याच्यावर बाकीची वस्ती वसते.

तुमच्याकडे हेच आहे का, हे तपासायला पायरीवर बसायचीही गरज नाही. दिवेलागणीला फीडरखालची जागा झाडा आणि सुपलीत काय जमतं ते बघा. चमचाभरापेक्षा जास्त दाणे निघाले तर तुमचाही प्रश्न हाच. सुपलीत नुसती टरफलं असतील तर मात्र पारवे दुसऱ्या कुणाच्या दाण्यांवर जगतायत आणि तुमच्याकडे फक्त बसायला येतायत. त्याचं वेगळं आहे, खाली लिहिते.

जे करून फसले

जुन्या सीडी टांगल्या. पहिले दोन दिवस पारवे बिचकले, तिसऱ्या दिवशी एक जण सीडीच्या शेजारीच बसून पिसं साफ करत होता. प्लॅस्टिकचं घुबड आणलं. त्याच्या डोक्यावर शीट पडली तेव्हा ते काढलं. जागचं न हलणारं घुबड हे घुबड नसतं, हे पारव्याला चार दिवसांत कळतं.

नायलॉनची जाळी मात्र करू नका, हे जरा जोर देऊन सांगते. अंगणावर आडवी जाळी ताणली आणि तिसऱ्या सकाळी तिच्यात लालबुड्या बुलबुल उलटा लटकलेला सापडला, एक पंख आणि एक पाय गुंतलेला. पातळ रुमालात धरून नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापला. तो उडाला, पण ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. बाल्कनी बंद करायला जाळी लावायचीच झाली तर ती चहूबाजूंनी ताठ ताणलेली हवी. सैल, लोंबती जाळी म्हणजे फासच.

आपोआप दाणे खाली उतरत राहतात तो बाटलीचा फीडर मला फार सोयीचा वाटला होता, गावाला गेलं तरी काळजी नाही. नंतर लक्षात आलं की सोय माझी होती आणि ताट कधीच रिकामं होत नव्हतं. पारव्याला यापेक्षा आणखी काय हवं?

आणि दाणा बदलून बघितला. पारवे बाजरी खात नाहीत असं एका दुकानदाराने छातीठोक सांगितलं. खातात. मक्याइतकी आवडीने नाही, पण भूक लागली की सगळं खातात.

पारवाच का जिंकतो

सगळे त्याला कबूतर म्हणतात, पण आपल्या खिडक्यांवरचा हा निळसर करडा पक्षी म्हणजे पारवा. मूळचा कडेकपारीतला. गडावर गेलात तर कड्याच्या खोबणीत दिसेल. आपल्या इमारती त्याच्या दृष्टीने कडेच आहेत आणि एसीच्या मागची फळी म्हणजे कपार.

त्याची खरी ताकद पिल्लं वाढवण्यात आहे. पारव्याचे नर-मादी दोघंही आपल्या अन्ननळीतल्या पिशवीत दुधासारखा दाट चीक तयार करून पिल्लांना भरवतात. त्यामुळे नुसत्या धान्यावर त्यांचा संसार चालतो. एका वेळी दोनच अंडी, पण खाणं मिळत राहिलं तर वर्षभर, एकामागून एक वीण.

चिमणीचं तसं नाही. मोठी चिमणी धान्य खाते, पण तिच्या पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. म्हणजे आपण अंगणात कितीही बाजरी ओतली तरी तिच्यावर चिमणीचं घरटं वाढत नाही, पारव्याचं मात्र झकास वाढतं. वर आपण गुलाबावर कीटकनाशक मारत असू तर चिमणीच्या पिल्लांचा घास आपणच काढून घेतो. मी फवारणी बंद केली. गुलाब थोडे रोडावले, मावा जास्वंदीवर अधूनमधून येतो, तो पाण्याच्या फवाऱ्याने पाडते.

देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तयार होणारे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालांतही पारव्याचीच सरशी दिसते. २०२० च्या अहवालात देशभराचा विचार करता चिमणी साधारण स्थिर दिसली, पण मोठ्या महानगरांत घटलेली. २०२३ च्या अहवालात पारव्याची वाढ ठळकपणे आली. आणि २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईत कबुतरखान्यांवरून काय झालं ते सगळ्यांनी वाचलंच आहे. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकावी लागली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, श्रद्धा आणि फुप्फुसं समोरासमोर आली. वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ रोज छातीत जात राहिली तर काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो, म्हणजे फुप्फुसांना ॲलर्जीची सूज. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे. त्यांची तक्रार मला आधी कटकट वाटायची. आता वाटत नाही.

वाळलेली शीट कोरडी खरवडू नका, हे त्यामुळेच. तोंडाला मास्क, आधी पाणी शिंपडून भिजवायची, मग ओली काढायची.

चौथ्या खेपेला काय केलं

पहिले तीन आठवडे काहीच ठेवलं नाही. एक दाणा नाही, एक शीत नाही. पारव्यांची स्मरणशक्ती चांगली असते, ते रोज ठरल्या वेळी येऊन चक्कर मारून जातात. पहिला आठवडा पंचवीसच्या पंचवीस यायचे आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात आठ-दहा. तिसऱ्याच्या शेवटी एक जोडी. चिमण्यांची काळजी वाटत होती, पण त्या मधुमालतीत होत्याच आणि कुंड्यांमधून किडे वेचत होत्या. आपल्या दाण्यांवाचून पक्षी उपाशी मरतात हा गैरसमज माझा त्या तीन आठवड्यांत गेला. फक्त तुम्ही हा खंड अर्ध्यात मोडलात तर सगळं मुसळ केरात, कारण अधूनमधून मिळणाऱ्या खाण्याची आशा पारवा सहज सोडत नाही.

त्याच काळात पिंजरा करून घेतला. पक्षी कोंडायचा नव्हे, ताट कोंडायचा. दीड इंची चौकोनांची वेल्डेड जाळी ग्रिलवाल्याकडून आणली आणि तिचा दोन फूट लांब-रुंद, दीड फूट उंच खोका बांधून घेतला. वर पत्र्याचं छप्पर, म्हणजे पाऊस आणि वरून पडणारी घाण दोन्ही अडतात. मधोमध मातीचं परळ. चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची, दीड इंचातून आरामात आत जाते. मुनियाही जातात. पारवा तीनशे ग्रॅमच्या पुढचा, तो बाहेर. खोक्याच्या आकारात मी पहिल्यांदा कंजूषपणा केला होता. परळ जाळीला इतकं लागून होतं की पारवे बाहेरून मान घालून खायचे. जाळी आणि दाणे यांच्यात सगळ्या बाजूंनी एक वीत अंतर हवंच. तारेची कापलेली टोकं कानशीने घासून घ्या, नाहीतर पंख फाटतात.

एक सांगून ठेवते: पहिले नऊ दिवस त्या खोक्यात एकही चिमणी गेली नाही. नवरा म्हणाला, “कोंबडीचं खुराडं छान झालंय.” दहाव्या दिवशी एक नर जाळीवर बसला, आत बघितलं, बाहेर बघितलं, आत गेला आणि घाबरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. बाहेर पडता येतं हे बाकीच्यांनी बघितलं असावं. दुपारपर्यंत पाच जणी आत.

दाणा एकच: राळे, आणि ते नसतील तेव्हा बारीक बाजरी किंवा तांदळाची कणी. मिश्रण बंद. निवडायला काही नसलं की फेकायलाही काही नसतं. कच्चे तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो ही निव्वळ अफवा आहे, शेतातल्या चिमण्या पिढ्यान्पिढ्या तेच खातात.

आणि माप. सकाळी एक मूठ. चिमण्यांनी तासाभरात संपवलं तर संपलं, दुसरी मूठ नाही. उरलं तर दुसऱ्या दिवशी अर्धी मूठ. माझा रोजचा सगळा हिशेब एवढाच. संध्याकाळी परळ आत, खाली झाडू. झाडू चुकला की चार-पाच दिवसांत पहिला पारवा हजर होतो, मी हे दोनदा अनुभवलंय.

शितांचा प्रश्न

पिंजरा, जाळी, माप हे सगळं सोपं. घरातली अवघड गोष्ट दुपारी एकला दुसऱ्या दारातून बाहेर पडायची.

“अगं, मुक्या जिवाला दोन शितं घातली तर काय बिघडलं?” आईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांच्या लहानपणी वाड्याच्या अंगणात शितं पडायची तेव्हा ती खायला चिमण्या, कावळे, साळुंक्या, शेजारची कोंबडी आणि गाय एवढे जण होते. दुपारच्या तीनला तिथे काही उरायचं नाही. आता खाणारे पारवे आणि रात्री घुशी. मी त्यांना अहवाल वगैरे वाचून दाखवायचा प्रयत्न केला, त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एकला शितं पडलीच.

मार्ग नातवाच्या जेवणात निघाला. तो जेवायला त्रास देत होता आणि आई नेहमीसारख्या त्याला भरवत होत्या, “हा घास काऊचा, हा घास चिऊचा.” मी म्हटलं, आई, चिऊचा घास केवढा? त्यांनी सवयीने हातातला घास दाखवला. मी म्हटलं, तेवढाच घालायचा, आणि तुम्हीच घालायचा. तेव्हापासून सकाळची मूठ त्यांची आहे. भात नाही, राळे. माझ्यापेक्षा त्या कडक आहेत. परवा मी पाहुण्यांना दाखवायला म्हणून दुसऱ्यांदा डबा उघडला तर म्हणाल्या, “आज झालंय त्यांचं.”

भात अगदी विष नाही, पण शिजवलेलं अन्न उन्हात दोन तासांत आंबतं आणि त्यावर माश्या, मुंग्या, कावळे, घुशी सगळे येतात. पाव, बिस्किटं, फरसाण, शेव, खारे दाणे मात्र नकोतच. मुंबईत घारापुरीच्या लाँचमागे उडणाऱ्या समुद्रपक्ष्यांना लोक गाठ्या भिरकावतात ते फोटोत छान दिसतं, पण मीठ आणि तळण पक्ष्याच्या शरीराच्या कामाचं नाही. शेंगदाणे द्यायचे तर बिनमिठाचे आणि ताजे. ओल लागून बुरशी आलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन तयार होतं, त्याने पक्षी मरतात. कुबट वास आलेला दाणा थेट कचऱ्यात, “पक्ष्यांना घालू” असं नको.

पितृपक्षात आम्ही कावळ्यासाठी पान ठेवतो. ते ठेवावं. फक्त काकस्पर्श झाला की तासाभरात पान उचलायचं.

तरी परत आला तर

सुपली स्वच्छ, पिंजरा नीट, माप बरोबर आणि तरी पारवे? मग शेजारीपाजारी बघा. आमच्याकडे पाच महिन्यांनी अचानक बारा पारवे कठड्यावर दिसायला लागले. आठवडाभर मी माझ्याच चुका शोधत होते. मग कळलं की समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेलं कुटुंब गच्चीवर किलोभर ज्वारी टाकतं. पारवे तिथे जेवून आमच्याकडे सावलीला यायचे. अशा वेळी आपल्या फीडरमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. बसायची जागा गैरसोयीची करायची: कठड्यावर तीन इंच उंचीवर एक बारीक तार ताणली, पाय टेकला की हलते. बारापैकी तीन राहिले. गच्चीवर जाऊन बोललेही. भांडायला नाही, आमचा पिंजरा दाखवायला बोलावलं. ज्वारी बंद नाही झाली, पण किलोची वाटीवर आली. काही शहरांत पारव्यांना दाणे टाकण्यावर दंडही आहे, पण शेजाऱ्याशी बोलणं दंडापासून सुरू करू नये असं माझं मत.

पारव्यांऐवजी साळुंक्या आणि कावळे वाढले असतील तर कुठेतरी शिजवलेलं अन्न पडतंय. घूस दिसली तर रात्रीचं उरतंय. घुशीला औषध घालू नका. विषाने मेलेली किंवा अर्धमेली घूस घुबड नाहीतर मांजर खातं, आणि विष तिथपर्यंत पोचतं. दाणा संध्याकाळी उचलला की घूस आठवडाभरात दुसरं घर बघते. आमच्याकडे घुशीमागून एकदा धामण आली होती. बिनविषारी साप, पण आईंना हे पटवायला बराच वेळ गेला.

मुंग्यांना आजीच्या जाळीच्या कपाटाचा उपाय: पायाखाली पाण्याच्या वाट्या. आमचा पिंजरा टांगलेला असल्यामुळे हुकाच्या वर एक उलटं झाकण पाणी भरून अडकवलंय. खारुताईला आम्ही अडवत नाही. दीड इंचातून ती कशी आत शिरते हे कोडं सुटलेलं नाही.

मांजर असेल तर पिंजरा झुडपापासून सहा-सात फूट दूर हवा, म्हणजे झडप घालायला आडोसा मिळत नाही. अगदी उघड्यावरही नको. चिमणीला पळून शिरायला काटेरी किंवा दाट काहीतरी नजरेच्या टप्प्यात लागतं, कारण शिक्राही येतो. शिक्र्याने चिमणी उचलली तर वाईट वाटतं, पण तो बिघाड नव्हे. त्याला दुरुस्ती नाही.

काचेवर पक्षी आपटत असतील तर फीडर एकतर काचेपासून तीन फुटांच्या आत आणा किंवा तीस फूट लांब न्या. मधल्या अंतरावरून उडताना त्यांना पुरता वेग येतो. जवळून उडाले तर आपटले तरी फार लागत नाही.

आणि एक गोष्ट ढकलू नका. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, माणूस जवळ गेला तरी न उडणारा पक्षी दिसला, किंवा पायावर-चोचीपाशी गाठी आलेला पारवा दिसला, तर त्याच दिवशी दाणा-पाणी सगळं बंद, किमान दोन आठवडे. एका ताटात जेवणारे एकमेकांना आजार देतात, साल्मोनेला हा जंतू असो की पक्ष्यांमधली देवी. परळ आणि जाळी एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी या प्रमाणात धुवून, भरपूर पाण्याने खळबळून, कडकडीत उन्हात वाळवायची. एरवीही दर पंधरा दिवसांनी हे करायचंच. जखमी पक्षी सापडला तर चोच उघडून पाणी पाजू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन लावा. जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं, पिसं आलेलं पिल्लू मात्र बहुतेक वेळा हरवलेलं नसतं. त्याचे आईबाप जवळच्या फांदीवर तुमच्या जाण्याची वाट बघत असतात.

दाण्याहून जास्त चाललेली गोष्ट

खरं सांगायचं तर पिंजऱ्यापेक्षा आमच्या अंगणात जास्त वर्दळ पाण्यावर असते. पसरट परळ, दोन इंचांपेक्षा खोल नाही, मध्ये एक खडबडीत दगड, कारण गुळगुळीत बुडावर छोट्या पक्ष्यांचे पाय घसरतात. एप्रिलमध्ये पारा चाळीसला टेकला की दुपारी तिथे रांग लागते. दाण्याला तोंड न लावणारे सगळे पाण्यावर येतात: बुलबुल, शिंपी, वटवट्या, चष्मेवाला, तांबट. चष्मेवाले तर सात-आठ जण एकदम उतरतात आणि शाळेच्या नळावरच्या पोरांसारखे एकमेकांना ढकलतात. पाणी रोज ओतून, घासून नवीन भरायचं. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला आठवड्याभराच्या आसपास घेतो, रोज ओतलं की त्याला संधीच नाही. महापालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा आमचं परळ मी अभिमानाने दाखवते.

पारवेही पाण्यावर येतात, पितात आणि जातात. तेवढ्याला माझी हरकत नाही.

शिंजीर हवा म्हणून साखरपाण्याच्या बाटल्या टांगायची गरज नाही. जास्वंद आणि रुग्मिणी लावा. तुती किंवा सिंगापूर चेरी लावायला जागा असेल तर फुलटोचा आणि बुलबुल तुमचेच. आमच्या कढीपत्त्याला काळी फळं धरली की कोकीळ पहाटेपासून तिथे मुक्कामाला. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या कुंडीत मूठभर बाजरी पेरली होती. कणसं उभी राहिली तेव्हा ठिपकेवाल्या मुनियांचं टोळकं चार दिवस त्यावर लोंबकळत होतं, दांडा वाकायचा, त्या झोका घ्यायच्या. पारव्याला कणसावर बसता येत नाही. हे मला आधी सुचलं असतं तर जाळीचे पैसे वाचले असते.

पावसाळ्यात दाणा पूर्ण बंद. किडे भरपूर असतात, गवताला बी येतं, आणि परळातले दाणे दोन दिवसांत बुरशी धरतात. परवा पहिला मोठा पाऊस झाला तसा पिंजरा धुवून जिन्याखाली ठेवला. राळ्याचा डबा आईंनी चिकटपट्टी लावून वर ठेवला, आमच्यापैकी कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी. काल सकाळी एक पारवा आला, रिकाम्या हुकाखाली फरशीवर दोन फेऱ्या मारल्या, मान तिरकी करून वर बघितलं आणि समोरच्या गच्चीकडे उडाला.